मुलांचा वॉर्ड : सोय कोणाची, खर्च कोणाचा

दुसऱ्या महायुद्धानंतरही ब्रिटनमधील रुग्णालयांत मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना जवळजवळ मज्जावच होता. १९४९च्या सुमारास लंडनच्या गाईज रुग्णालयात भेटीची वेळ होती रविवारी दुपारी दोन ते चार. सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाहीच. मूल झोपले असेल तेव्हा पाहायचे. संसर्गाची भीती हे एक कारण सांगितले जाई. दुसरे असे, की आई दिसली की मूल रडते. न रडणारे मूल रुळले, असे धरले जाई.

मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२मध्ये हा समज खोडून काढला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेल्या अडीच वर्षांच्या मुलीचे त्यांनी चित्रीकरण केले. निवडक प्रसंग टिपल्याचा आरोप होऊ नये म्हणून ते रोज ठरलेल्या वेळी केले. मुलगी फारशी रडत नाही, पण दिवसागणिक मिटत जाते. डॉक्टरांना चित्रपट अजिबात रुचला नाही.

रुग्णालयातील मुलांच्या कल्याणासाठी नेमलेल्या सरकारी प्लॅट समितीने १९५९मध्ये भेटीवरची बंधने उठवावीत, लहान मुलांबरोबर आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली. दार उघडायला पैसा लागत नव्हता, तरी कित्येक रुग्णालयांनी चालढकल केली. १९६१मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातील आयांना त्यासाठी संघटना काढावी लागली. वास्तविक न्यूकॅसलमध्ये बालरोगतज्ज्ञ जेम्स स्पेन्स १९२५पासूनच आयांना तान्ह्या मुलांबरोबर ठेवून घेत होते आणि बरीचशी शुश्रूषा आयाच करत.

खरा खर्च पुढे आला. आई रात्री राहणार तर खाट, न्हाणीघर, जेवण हवे; जुन्या लांबलचक वॉर्डांत दोन खाटांमध्ये तेवढी जागाच नव्हती. खेळातून मुलाची उपचारांसाठी तयारी करून घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचे पगार आले. एमआरआयच्या यंत्रात निश्चल कसे पडायचे हे मूल खेळता खेळता शिकले, तर अनेकदा भूल द्यावी लागत नाही. पण ही बचत एका विभागाच्या खात्यात आणि पगार दुसऱ्याच्या, त्यामुळे काटकसरीत अशा जागांवर गदा येणे सोपे.

किशोरवयीनांची सोय तर देणग्यांवरच उभी राहिली. टीनएज कॅन्सर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेचा पहिला विभाग १९९०मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात सुरू झाला. मुलांच्या सेवांना प्राधान्यक्रमात खालचे स्थान मिळते, असे या सेवांचा आढावा घेणाऱ्या २०१०च्या केनेडी अहवालाने स्पष्ट म्हटले.

प्रवास, बुडालेला रोज, पार्किंग हा भार मात्र घरच्यांवरच राहिला. रात्री मुलाजवळ थांबणाऱ्या पालकांना इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत पार्किंग मोफत देण्याची घोषणा व्हायलाही डिसेंबर २०१९ उजाडले.