मासा टाकीबाहेर उडी का मारतो?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी धाकट्या मुलीला शाळेसाठी उठवले. तोंड धुण्याआधी ती सवयीप्रमाणे माशांच्या टाकीकडे गेली आणि तिथेच उभी राहिली. स्टुलाखाली दोन गप्पी मासे पडले होते. अंगाला धूळ चिकटलेली, मुंग्या लागलेल्या. पोर रडू लागली. शेजारच्या काकू धावत आल्या. म्हणाल्या, "रडू नको गं, घरावर येणारं अरिष्ट माशांनी आपल्या अंगावर घेतलं." काकूंचा हेतू समजूत घालण्याचाच होता. पण थोड्या वेळाने मुलीने मला विचारले, "बाबा, आपल्या घरावर काय येणार होतं?" दिवसभर ती भेदरलेलीच होती.

अरिष्ट बाहेरून आलेच नव्हते, ते मीच आणले होते. आदल्या रात्री मोठ्या हौसेने मी टाकी पूर्ण रिकामी केली, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतला, थेट नळाचे पाणी भरले आणि वरचे झाकण लावायचे विसरलो. आज अनेक घरांत मुलांच्या हट्टापायी माशांची टाकी आलेली आहे. म्हणून ही चूक वाचकांपुढे मांडतो.

कारणे तीन

पहिले कारण पाणी. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. आपल्याला ते बाधत नाही, पण माशाच्या नाजूक कल्ल्यांना ते भाजून काढते. शिवाय मासे आणि त्यांचे उरलेले खाद्य यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. खडीवर व स्पंजवर वाढणारे जिवाणू या विषाचे आधी नायट्राइट आणि मग त्याहून सौम्य नायट्रेट करतात. आपण सगळे चकचकीत धुतले की हे उपयोगी जिवाणूही मोरीत वाहून जातात. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा पाण्यातून मासा सुटू पाहतो, आणि त्याला वाट एकच, वरची.

दुसरे कारण भीती. नवी टाकी, अंधारात एकदम लागलेला दिवा, काचेवर बोटांची टकटक, मागे लागलेला दांडगा मासा, यांपैकी काहीही पुरते.

तिसरे कारण स्वभाव. अरोवाना मासा पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवरचे किडे उडी मारून पकडतो. दक्षिण अमेरिकेतला हॅचेटफिश, किलिफिश, आपल्याकडचा झेब्रा मासा हेही उडी मारणारेच. गप्पीचे तर संशोधन झाले आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञ डॅफ्नी सोअरिस यांच्याकडच्या एका गप्पीने टाकीतून थेट त्यांच्या चहाच्या पेल्यात उडी घेतली. मग त्यांनी व हिलरी बिअरमन यांनी गप्पींच्या उड्यांचे वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गप्पी कोणी घाबरवले नसतानाही उडी मारतो. आधी हळूहळू मागे सरकतो आणि मग झेपावतो. त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांत नव्या जागी पसरण्यासाठी ही सवय उपयोगी पडत असावी, असे त्यांचे मत.

याचा अर्थ सरळ आहे. पाणी कितीही चांगले ठेवले, तरी झाकण हवेच. आणि झाकण कितीही पक्के असले, तरी पाण्याकडे लक्ष हवेच, नाहीतर मासा आतल्या आत गुदमरेल.

झाकण कसे करावे?

विकतचे झाकण नसले तरी अडत नाही. टाकीच्या मापाची लाकडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट करून त्यावर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवावी. हवा खेळती राहते, खर्चही फारसा नाही. काच ठेवायची असल्यास हवेसाठी फट सोडावी. फायटर मासा पृष्ठभागावर येऊन बाहेरची हवा घेतो, त्याला तर ती हवीच. पंपाची नळी व वायर जाते तेथील भोकात स्पंजचा तुकडा बसवावा. लहान मासा नेमका तेथूनच निसटतो. पाणी काठापासून दोन-तीन इंच खाली ठेवावे. टाकीत हात घालण्यापूर्वी विजेची बटणे बंद करावीत.

पाणी एकदम सगळे बदलू नये. आठवड्याला पाव हिस्सा पुरे. नवे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे किंवा दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब घालावेत. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. रात्री आधी खोलीतला दिवा लावावा, मग टाकीतला. लपण्यासाठी झाडे, दगड ठेवावेत.

मासा जमिनीवर सापडला तर?

निपचित दिसला म्हणून लगेच टाकून देऊ नका. पाण्याबाहेर कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि मासा गुदमरतो. मात्र त्या ओल्या असेपर्यंत आशा असते. हात ओले करून त्याला अलगद उचला. कोरड्या फडक्याने धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे रोग होतो. भांड्यात टाकीतलेच पाणी घेऊन त्यात धूळ झटकू द्या, मग टाकीत सोडा. त्या दिवशी दिवा मंद ठेवा, खाद्य देऊ नका.

आमच्या टाकीवर आता जाळीची चौकट आहे. जाळीचा तुकडा त्याच काकूंनी जुन्या मच्छरदाणीतून कापून दिला आणि मुलीने तो स्वतः चौकटीवर बसवला. रात्री झोपण्याआधी जाळी नीट बसली आहे ना, हे ती रोज पाहते. अरिष्टाचे पुन्हा तिने विचारलेले नाही.