पाळणाघरातील आणीबाणीचे प्रशिक्षण

अमेरिकेत सरकारी अनुदान घेणाऱ्या पाळणाघरांतील कर्मचाऱ्यांना आणीबाणीला तोंड देण्याचे प्रशिक्षण २०१४च्या बालसंगोपन अनुदान कायद्याने सक्तीचे केले. ते कामावर रुजू होण्यापूर्वी किंवा पहिल्या तीन महिन्यांत पूर्ण करायचे असते. जोडीला प्रथमोपचार आणि सीपीआरही शिकावे लागतात. इमारत रिकामी करणे, वादळात आतच आसरा घेणे, दारे लावून थांबणे, या सर्वांचा प्रत्यक्ष सराव अपेक्षित आहे.

खरा कस लागतो तो तान्ह्या बाळांपाशी. शाळेत घंटा वाजली की मुले रांगेने बाहेर पडतात. इथे कित्येकांना चालताही येत नाही. म्हणून अनेक ठिकाणी चाकांच्या भक्कम पाळण्यात तीन-चार बाळे ठेवून तो दाराबाहेर ढकलत नेतात. चालती मुले दोरीच्या कड्या धरून मागोमाग निघतात. बाहेर पोचताच हजेरीपटावरून डोकी मोजायची. औषधे, डायपर आणि पालकांचे फोन नंबर असलेली पिशवी दाराशीच टांगलेली हवी.

अपंग किंवा दीर्घ आजारी मुलांची सोय पाळणाघराच्या आणीबाणीच्या आराखड्यात असावीच लागते. मूल पालकांच्या हाती पुन्हा कसे सोपवायचे, हेही त्यात ठरलेले असावे लागते, आणि ही अट सर्वांत मोलाची आहे: २००५च्या कतरिना वादळात हजारो मुलांची घरच्यांपासून ताटातूट झाली होती आणि शेवटच्या मुलाची गाठ पडेपर्यंत सहा महिन्यांहून अधिक काळ गेला.