वायुरोधाचे सुकाणू

500 किलोमीटर उंचीवर वातावरण नसतेच, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तेथेही हवेचे अतिविरल कण असतात आणि सेकंदाला सुमारे 7.6 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उपग्रहावर ते सतत आदळत राहतात. या वायुरोधामुळे उपग्रह हळूहळू खाली घसरतो. 1979 साली ‘स्कायलॅब’ कोसळले ते यामुळेच. मात्र हाच रोध उपग्रहांच्या ताफ्याला शिस्त लावण्यासही उपयोगी पडतो.

येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावयास हवा. रोधामुळे ऊर्जा गमावलेला उपग्रह खालच्या कक्षेत उतरतो. तेथे वेग अधिक आणि परिघ लहान असल्यामुळे त्याची प्रदक्षिणा लवकर पुरी होते. या उंचीवर दोन कक्षांत केवळ 1 किलोमीटरचा फरक असला, तरी खालचा उपग्रह प्रत्येक प्रदक्षिणेत सुमारे 9 किलोमीटर पुढे सरकतो.

समजा, दोन उपग्रह अगदी जवळून चालले आहेत. त्यांपैकी एकाने आपले सौरपंख प्रवाहाला आडवे धरले आणि दुसऱ्याने कडेने धरले, तर पहिला अधिक उतरतो व पुढे निघतो. इष्ट अंतर साधले की दुसराही तेवढाच खाली आणावयाचा. उंची समान होताच अंतर वाढण्याचे थांबते. लेनर्ड, हॉलिस्टर आणि बर्गमन यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या पद्धतीने रचना राखण्याचा विचार मांडलेला आहे.

तिचा मोठा प्रत्यय भारतातून झालेल्या एका उड्डाणानंतर आला. 15 फेब्रुवारी 2017 रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी37 या अग्निबाणाने 104 उपग्रह कक्षेत सोडले. त्यांतील 88 ‘डव्ह’ उपग्रह प्लॅनेट या अमेरिकी कंपनीचे होते. त्यांच्यावर कक्षा बदलणारे इंजिन नव्हते. एकत्र सुटलेला हा थवा केवळ वायुरोधाच्या साहाय्याने कक्षेत दूरवर पसरविण्यात आला.

परंतु या सोयीचे मोल उंचीच्या रूपाने चुकवावे लागते. गमावलेली उंची वायुरोध परत देत नाही. म्हणजेच प्रत्येक दुरुस्तीगणिक उपग्रहाचे आयुष्य थोडे घटते. शिवाय हवेची घनता सूर्याच्या लहरीवर अवलंबून असते. फेब्रुवारी 2022 मध्ये भूचुंबकीय वादळामुळे ती वाढली आणि नुकत्याच सोडलेल्या 49 ‘स्टारलिंक’ उपग्रहांपैकी बहुसंख्य नष्ट झाले. म्हणून या सुकाणूचा उपयोग करणाऱ्यास उपग्रहाइतकीच सूर्याकडेही नजर ठेवावी लागते.