आबा बोलतायत तोवर

हॅरी पॅच हा इंग्लंडातला एक साधा प्लंबर. १९१७ मध्ये बेल्जियममध्ये, पॅशनडेलच्या चिखलात तो लुईस गन या मशीनगनच्या तुकडीत होता. एका तोफगोळ्याने त्याचे तीन सोबती गेले. तो स्वतः जखमी होऊन घरी आला आणि युद्ध हा विषय त्याने कायमचा बंद करून टाकला. लग्न झालं, मुलं झाली, दुसरं महायुद्धही येऊन गेलं, पण बायकोपाशीसुद्धा तो त्याबद्दल बोलला नाही. १९९८ मध्ये बीबीसीसाठी माहितीपट करणारी मंडळी त्याला शोधत आली, तेव्हा त्याने शंभरी गाठली होती. त्यांनी नीट बसून विचारलं आणि तो बोलायला लागला. २००९ मध्ये, वयाच्या १११व्या वर्षी तो गेला. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीच्या खंदकांत लढलेल्या ब्रिटिश सैनिकांपैकी हयात असलेला तो शेवटचा होता.

आपल्याकडे माजी सैनिकाचा सन्मान होतो. शाल-श्रीफळ दिलं जातं, झेंडावंदनाला पहिल्या रांगेत खुर्ची असते, गावच्या वेशीवर कमान उभी राहते. हे सगळं व्हायलाच हवं. पण या साऱ्या समारंभात तो स्वतः फारसा बोलत नाही. त्याच्याबद्दल सरपंच बोलतात, आमदार बोलतात, शाळेतली मुलं भाषणं करतात. माहितीपटाचं मोल इथे आहे. तो भाषणं करणाऱ्यांना बाजूला बसवतो आणि ज्याने ते दिवस काढले त्याला समोर आणतो. त्यातही चित्रपट पुढे केव्हाही करता येतो. माणसाचा आवाज मात्र माणूस असेपर्यंतच मिळतो.

पीटर जॅक्सन या न्यूझीलंडच्या दिग्दर्शकाचा 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' हा २०१८चा माहितीपट याचा उत्तम दाखला आहे. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने त्याला आपल्याकडचं पहिल्या महायुद्धाचं सुमारे १०० तासांचं चित्रीकरण दिलं. ते मूळ चित्रीकरण हाताने दांडा फिरवायच्या कॅमेऱ्यांवर झालेलं. कॅमेरामनचा हात कधी भरभर फिरे, कधी सावकाश. त्यामुळे सेकंदाला कुठे १० चौकटी, कुठे १८. आजच्या यंत्रावर ते तसंच लावलं की माणसं तुरुतुरु चालताना दिसतात आणि मरणाच्या दारात उभे असलेले जवान विनोदी वाटू लागतात. जॅक्सनच्या चमूने संगणकाने मधल्या चौकटी भरून तो वेग माणसाच्या चालीवर आणला, ओरखडे काढले, रंग भरले. मुक्या चित्रांतले सैनिक काय बोलत असतील, हे ओठ वाचणाऱ्या तज्ज्ञांकडून जाणून घेतलं. मग गणवेशावरच्या बिल्ल्यांवरून पलटण ओळखली, ती पलटण ज्या भागातली त्याच भागातले नट आणले आणि त्यांच्या बोलीत ते संवाद म्हणवून घेतले.

या तंत्राचं फार कौतुक झालं. पण माझ्या मते त्या चित्रपटाचा खरा प्राण रंगांत नाही, आवाजांत आहे. त्यात निवेदक नाही, इतिहासकार नाही, लढायांची नावं नाहीत, तारखा नाहीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त म्हातारे सैनिक बोलतात. वय लपवून भरती कसे झालो, चहाची चव कशी लागायची, उवा कशा मारायचो, पाय सडले म्हणजे काय व्हायचं, जर्मन कैदी पकडला तेव्हा तोही आपल्यासारखाच पोरगा कसा निघाला. २०१८ मध्ये यातलं कुणीही जिवंत नव्हतं. मग हे आवाज आले कुठून? १९६४ मध्ये, युद्धाला ५० वर्षं झाली तेव्हा, बीबीसीने 'द ग्रेट वॉर' ही २६ भागांची मालिका केली होती आणि तिच्यासाठी सैनिकांना गाठून मुलाखती घेतल्या होत्या. पुढे १९७२ पासून म्युझियमने आपला ध्वनिसंग्रह उभा करायला घेतला. जॅक्सनच्या हाती अशा सुमारे २०० जणांच्या ६०० तासांच्या मुलाखती होत्या, त्यांतल्या १२० जणांचे आवाज त्याने वापरले. ज्यांनी ते आवाज टिपले, त्यांना पुढे असा चित्रपट होईल याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. त्यांनी विचारलं, ऐकलं आणि फिती जपून ठेवल्या, एवढंच.

अमेरिकेने हे काम कायद्याने केलं. तिथल्या संसदेने २००० मध्ये 'व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट' मंजूर केला. कुणीही नागरिक, अगदी वरच्या वर्गातला शाळकरी मुलगाही, आपल्या घरच्या किंवा शेजारच्या सैनिकाची मुलाखत घेऊन लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे पाठवू शकतो. अट साधी आहे, मुलाखत निदान अर्ध्या तासाची हवी. अशा एक लाखाहून अधिक सैनिकांच्या आठवणी तिथे जमा आहेत. त्याच देशात केन बर्न्सने २००७ मध्ये 'द वॉर' ही मालिका केली. चार गावं निवडली आणि त्या गावांतल्या माणसांच्या तोंडून दुसरं महायुद्ध सांगितलं. ती दाखवली जाण्याआधीच लॅटिनो समाजाने हरकत घेतली की आमची पोरं लढली आणि तुमच्या मालिकेत आमचा एकही माणूस नाही. बर्न्सला वाढीव मुलाखती घालाव्या लागल्या. ही तक्रार मला फार मोलाची वाटते. कुणाला विचारायचं हे ठरवताना कुणाला वगळायचं हेही ठरत असतं.

सैनिकाचं बोलणं कधीकधी सैन्यालाच नको असतं, हेही सांगायला हवं. जॉन ह्यूस्टनने अमेरिकी लष्करासाठीच 'लेट देअर बी लाइट' हा माहितीपट केला. त्यात युद्धाने मन मोडलेले जवान आहेत. कुणाची वाचा गेलेली, कुणाला चालता येत नाही, कुणी नुसता रडतो. १९४६ मध्ये लष्कराने तो अडवला आणि १९८० पर्यंत लोकांना दाखवू दिला नाही. शौर्याच्या गोष्टी सगळ्यांना हव्या असतात. झोपेत दचकून उठणाऱ्या माणसाची गोष्ट ऐकायची तयारी असेल तरच त्याच्यासमोर कॅमेरा लावावा.

आता आपल्या माणसांकडे वळतो. पहिल्या महायुद्धात १० लाखांहून अधिक भारतीय सैनिक आणि कामगार समुद्रापार गेले, सुमारे ७४,००० परतले नाहीत. यांचे आवाज कुठे आहेत? थोडे आहेत, आणि तेही बर्लिनमध्ये. जर्मनांनी बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फ इथे युद्धकैद्यांची छावणी उघडली होती, तिला अर्धचंद्र छावणी म्हणत. विल्हेल्म डोगेन नावाच्या भाषाप्रेमी माणसाने १९१५ ते १९१८ या काळात अशा छावण्यांतल्या कैद्यांना भोंग्यासमोर उभं करून लाखेच्या तबकड्यांवर त्यांच्या बोली मुद्रित केल्या. ११ डिसेंबर १९१६ रोजी माल सिंग नावाचा पंजाबी शिपाई त्या भोंग्यासमोर उभा राहिला. दीड मिनिटाच्या आतबाहेरचं त्याचं बोलणं आहे. तो स्वतःबद्दल बोलतो, पण 'मी' म्हणत नाही. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात दूध-लोणी खायचा, इंग्रजांच्या नोकरीत लागला, युरोपच्या लढाईत आला, जर्मनीने त्याला पकडलं, आता त्याला घरी जायचंय, आणखी दोन वर्षं इथे राहावं लागलं तर तो मरेल. एवढंच सांगतो आणि थांबतो.

फिलिप शेफनर या जर्मन दिग्दर्शकाने २००७ मध्ये या आवाजाचा माग काढत 'द हाफमून फाइल्स' हा माहितीपट केला. त्यात कित्येकदा पडदा पूर्ण काळा होतो आणि फक्त आवाज उरतो. शंभर वर्षांपूर्वीचा खरखरणारा, थकलेला, आपल्या मातीतला आवाज. डोगेनला हवी होती ती पंजाबी भाषा. नोंदीच्या कागदावर जन्मगाव, बोली, शिक्षण असं सगळं भरून घेतलंय, पण तुला काय वाटतं हे विचारायला त्या कागदावर रकाना नाही. तरी माल सिंगने जे सांगायचं ते सांगून टाकलं. आपल्या सैनिकाचं मन ऐकायला मिळालं ते शत्रूच्या छावणीत, व्याकरणाच्या अभ्यासासाठी. या गोष्टीची मला खंत वाटते.

महाराष्ट्राकडे सांगण्यासारखं काय नव्हतं? दुसऱ्या महायुद्धात इटलीत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक लढले, त्यांत मराठा पलटणी होत्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले आणि तिथेच पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर होते. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी पाण्यातून, सुरुंगांतून पलीकडे नेलं, परत येऊन शत्रूची ठाणी उडवली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते १९८४ पर्यंत आपल्यात होते. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत रणगाड्याच्या पुढे सरपटत गेले, परमवीरचक्र मिळवलं आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले.

त्या काळात आपल्याकडे काय नव्हतं? मुंबईत फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासून होतं. पुण्यात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आलं, १९६४ मध्ये चित्रपट संग्रहालय आलं, १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं. कॅमेरे होते, शिकलेली माणसं होती, फिती जपायची व्यवस्था होती. इंग्लंडात १९७२ पासून जे चाललं ते त्याच वर्षी इथेही गावोगाव सुरू करता आलं असतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची आठवण गाव आजही सांगतं. त्या लढाईतून परत आलेले कितीतरी जण पुढे पन्नास-साठ वर्षं आपापल्या गावांत, ओट्यावर बसून होते.

ते गेले. पण १९७१ ची लढाई लढलेले अजून आहेत. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात जमालपूरला पहिल्या मराठा बटालियनमध्ये असलेला विशीतला जवान आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. मुंबईहून निघून कराचीवर चालून गेलेल्या क्षेपणास्त्र नौकांवरचा खलाशी कोकणात कुठेतरी नातवंडांत रमलेला असेल. १९६५ चे लोक ऐंशीच्या पलीकडे गेले, १९६२ चे त्याहून पुढे. कामाला लागायचं तर या वर्षी लागायला हवं, आणि त्यासाठी मोठा निर्माता लागत नाही. बरा मोबाइल, कॉलरला लावायचा छोटा माइक आणि पंखा बंद केलेली खोली पुरते.

कठीण असतं ते विचारणं. 'आबा, लढाईचं सांगा की' असं म्हटलं की आबा पलटणीचं नाव, सालं आणि साहेबांचं कौतुक सांगून मोकळे होतात. ते तसं पूर्वी कितीदा तरी सांगून झालेलं असतं, शब्दही ठरलेले असतात. त्याऐवजी बारीक विचारावं. बूट कसले होते? थंडीत पाणी कसं तापवायचात? शेजारच्या खंदकात कोण होता, कुठल्या गावचा? आईला पत्रात काय लिहायचात आणि काय लिहायचा नाहीत? अशा प्रश्नांना ठरीव उत्तर नसतं, मग माणूस आठवू लागतो. मधेच गप्प झाला तर दुसरा प्रश्न पुढे करू नये. शेजारी बसलेल्या मुलाने 'अहो, ते नाही का तुम्ही सांगता' असं सुचवू नये. घाटावरचा असो वा कोकणातला, त्याला त्याच्या बोलीत बोलू द्यावं. कॅमेऱ्यासमोर शुद्ध बोलायचं दडपण आलं की अर्धी आठवण तिथेच अडते.

आठवण चुकते, हे धरून चालावं. पन्नास वर्षांनी तारखा इकडच्या तिकडे होतात, दुसऱ्याने सांगितलेला प्रसंग आपल्याच डोळ्यांसमोर घडल्यासारखा वाटतो. पलटणींच्या युद्ध-रोजनिशा असतात, छापील इतिहास असतात, त्यांच्याशी ताडून बघावं. पण म्हाताऱ्या माणसाला कॅमेऱ्यासमोर खोडू नये. काय घडलं हे रोजनिशी सांगेल, ते त्याच्या मनात कसं राहिलं हे फक्त तोच सांगणार आहे. त्याने एखादी गोष्ट दाखवू नका म्हटलं तर ते पाळावं. आणि संपादन करून दहा मिनिटांची सुबक फिल्म झाली तरी मूळ मुलाखत पुसू नये. जॅक्सनला उपयोगी पडल्या त्या जुन्या कच्च्या फितीच. मूळ प्रतीची एक नक्कल घरात ठेवावी आणि दुसरी घराबाहेर. मराठा रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांचं पुण्यात खडकीला, दिल्लीत युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये लष्करी इतिहासाचं काम चालतं. यांच्याशी आणि जवळच्या विद्यापीठाशी पत्रव्यवहार करावा, नक्कल ठेवून घ्याल का विचारावं.

आणखी एका माणसाला विचारायचं राहून जातं. यशवंत घाडगे यांचं पदक १९४५ मध्ये व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून त्यांच्या पत्नीने स्वीकारलं. सैनिकाच्या घरातली बाई त्या लढाईची वेगळीच साक्षीदार असते. मनिऑर्डर कितीची यायची, मधे दोन महिने आली नाही तेव्हा घर कसं चाललं, पत्र कोण वाचून दाखवायचं, सासऱ्यासमोर उत्तरात काय लिहून घेता यायचं नाही, रेडिओवर बातम्या लागल्या की घरात कोण उठून बाहेर जायचं, तो परत आला तेव्हा तो तोच होता का. पलटणीच्या दप्तरात यातलं काही नाही. म्हणून आबांची मुलाखत ठरवताना आजींसाठी वेगळा दिवस राखून ठेवावा. त्या बोलत असताना आबा खोलीत नसलेले बरे.