गुडघ्याला टाका, बाईला सुट्टी

गुडघेदुखी म्हटलं की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. ‘आता वय झालं’, नाहीतर ‘गुडघे बदलावे लागतील’. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००० आणि २००१ साली त्यांचे गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये बदलले गेले, तेव्हापासून ते ऑपरेशन घरोघरी ठाऊक झालं. पण या दोन वाक्यांच्या मधे आणखी एक दुखणं आहे. त्याचं नावही बऱ्याच जणींनी ऐकलेलं नसतं. ते म्हणजे फाटलेला मेनिस्कस.

मी मुलुंडला राहते. महिला मंडळाच्या कामात बायकांसोबत हॉस्पिटलांत जाणं होतं. मी काही डॉक्टर नाही, बी.ए. झालेली गृहिणी आहे. पण ओपीडीच्या रांगेत बसून आणि डॉक्टरांना विचारून जे समजलं, ते मैत्रिणींनो, तुम्हाला सांगावंसं वाटतं.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधे कूर्चेच्या दोन गाद्या असतात, चंद्रकोरीच्या आकाराच्या. एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. आपला भार त्या झेलतात. पाय जमिनीत रोवलेला असताना गुडघा पिळवटला की गादी फाटते. कबड्डीत फाटते, दहीहंडीच्या थरावरून पडून फाटते, लोकलमधून घाईत उतरतानाही फाटते. चाळिशीनंतर गादी जीर्ण होते, मग उकिडवं बसून उठण्याचं निमित्तही पुरतं.

घाटकोपरची एक पस्तिशीतली बाई माझ्या ओळखीची आहे, घरगुती डबे करून देते. रेल्वेच्या पुलावरून उतरताना तिचा पाय मुरगळला. गुडघा सुजला, महिनाभर तेलमालीश झालं. मग गुडघा मधेच अडकायला लागला, सरळच होईना. एक्स-रे अगदी स्वच्छ आला. येणारच. एक्स-रेत हाड दिसतं, गादी दिसत नाही. ती एमआरआयमध्ये दिसली, फाटलेली. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. दुर्बिणीतून फाटलेला तुकडा कापून काढायचा, किंवा दुर्बिणीतूनच टाके घालून गादी जोडायची. नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला, ‘‘लवकर उभी कशात राहील?’’

प्रश्न वाईट हेतूने नव्हता. डबे बंद म्हणजे घरातले पैसे बंद. आणि खरं उत्तर होतं, कापण्यात. तुकडा काढला की बाई लवकर चालायला लागते. टाके घातले की साधारण चार ते सहा आठवडे पट्टा आणि कुबड्या, गुडघा काटकोनापुढे वाकवायचा नाही, आणि उकिडवं बसणं चार ते सहा महिने बंद. नेमकी मुदत गादी कशी फाटली आहे त्यावर डॉक्टर ठरवतात.

मग टाक्यांचा खटाटोप कशाला? १८८३ साली एडिंबराचे सर्जन थॉमस अ‍ॅनन्डेल यांनी एका खाणकामगाराच्या गुडघ्यातली गादी टाके घालून जागेवर बसवली होती. पण पुढे कित्येक वर्षं फाटलेली गादी सरसकट काढूनच टाकत. १९४८ साली फेअरबँक या इंग्रज सर्जननी दाखवून दिलं, की गादी काढलेल्या गुडघ्यात पुढे झिजेच्या खुणा दिसतात. १९६९ साली जपानच्या डॉ. हिरोशी इकेउची यांनी दुर्बिणीतून गादी शिवली आणि वाट मोकळी झाली. थोडक्यात काय, जेवढी गादी वाचेल तेवढा पुढचा गुडघा वाचेल. पस्तिशीतल्या बाईला अजून तीस-चाळीस वर्षं त्याच गुडघ्यावर काढायची असतात.

अर्थात प्रत्येक गादी शिवता येत नाही. तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथला टाका धरतो. आतल्या भागात रक्त पोहोचत नाही, तिथे जखम भरणं अवघड. काही टाके धरतही नाहीत, पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. हे आधीच विचारून घ्यावं.

आणि दुसरी बाजूही ऐका. वयामुळे जीर्ण होऊन फाटलेल्या गादीला ऑपरेशन लागतंच असं नाही. फिनलंडमध्ये अशा १४६ रुग्णांपैकी काहींचा तुकडा खरोखर कापला, बाकीच्यांवर ऑपरेशनचा नुसता देखावा केला. वर्षभराने दोन्हींकडच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. म्हणून पन्नाशीच्या बाईला आधी मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, वजन आटोक्यात, हाच पहिला उपाय. पण गुडघा अडकून सरळ होत नसेल, किंवा पायरी उतरताना अचानक ‘कट्’ आवाज होऊन गुडघ्याच्या मागे कळ आली असेल, तर व्यायामावर थांबू नका. गादी मुळाशीच उखडली असेल तर वेळेवर टाका घालणं उपयोगी पडतं. मध्यमवयीन बायकांत हे बरंच आढळतं.

अंधेरीच्या कोकिलाबेन हॉस्पिटलात जानेवारी २०२३ मध्ये क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. तो सामन्यात परतला मार्च २०२४ मध्ये. चौदा महिने त्याला कुणी विचारलं नाही, ‘‘पोळ्या कोण करणार?’’ आपल्याकडे मात्र ऑपरेशन कोणतं करायचं, हे पोळ्यांवरून ठरतं!

घाटकोपरच्या घरात निकाल दिला तो सासूबाईंनी. म्हणाल्या, ‘‘सहा आठवडे म्हणजे किती? बाळंतिणीला सव्वा महिना देतोच ना आपण? तेवढाच हिला द्यायचा.’’ टाके घातले गेले. जावेने सकाळ सांभाळली, नवरा कुकर लावायला शिकला. डब्यांची गिऱ्हाइकं काही तुटली, ते नुकसान सोसावं लागलं. पाचव्या महिन्यात ती पुन्हा रेल्वेचा पूल चढली, कठडा धरून, पण स्वतःच्या पायांनी.

तुमच्यावर वेळ आली तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘‘माझी गादी शिवता येईल का? नाही तर का नाही? ऑपरेशनशिवाय भागेल का?’’ महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा. व्यायाम शिकवायला जवळपास कोण फिजिओथेरपिस्ट आहे, तेही पाहून ठेवा. गावी परतल्यावर टाक्याचं भवितव्य त्याच व्यायामांवर असतं.

आणि घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका, टाका डॉक्टर घालतील, तो धरेपर्यंतचे दिवस मात्र घराने द्यायचे आहेत.