चमच्यावरचं लिंबू

भोपाळच्या आनंद नगरातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांच्या सत्तरीच्या आई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. एक्स-रेमध्ये दंडाचं हाड वरच्या टोकाला मोडलेलं दिसलं आणि खांदाही निखळलेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, कदाचित सांधाच बदलावा लागेल असंही सांगितलं. त्यावरून घरात दोन तट पडले. काका म्हणतात, हाडवैद्याकडे न्या, एका हिसक्यात बसवेल. पुण्याचा भाचा म्हणतो, खांद्याच्या फ्रॅक्चरला ऑपरेशनचा काही उपयोग नसतो असं ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात सिद्ध झालंय. ऐकावं कुणाचं?

काका आणि भाचा दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण ते वेगळ्या खांद्यांबद्दलचं आहे, आईंच्या खांद्याबद्दलचं नाही.

शाळेच्या पुस्तकात खुबा आणि खांदा दोघांनाही ‘उखळीचा सांधा’ म्हटलेलं असतं. खुब्याला ते शोभतं. तिथे खरंच खोल उखळ असते आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात रुतून बसतो. खांद्याला अशी उखळ नाहीच. फऱ्याच्या कडेला एक उथळ खोलगट जागा आहे आणि दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यापेक्षा इतका मोठा, की कोणत्याही क्षणी त्याचा पाव ते एक तृतीयांश भागच तिला टेकलेला असतो. शाळेतली लिंबू-चमचा शर्यत आठवा. खांदा म्हणजे तो चमचा आणि ते लिंबू. चार स्नायूंच्या दोऱ्या चहूबाजूंनी लिंबाला चमच्याशी धरून ठेवतात, म्हणून ते पडत नाही. या उथळपणामुळेच तर आपण हात पाठीमागे नेऊन वेणी घालू शकतो आणि माळ्यावरचा डबा काढू शकतो. माणसाच्या शरीरात इतका मोकळा फिरणारा दुसरा सांधा नाही.

नुसतं लिंबू पडलं तर ते परत ठेवता येतं. २०२१च्या मार्चमध्ये गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध चेंडू अडवताना श्रेयस अय्यरचा डावा खांदा जागचा हलला होता. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये तो पुन्हा खेळायला लागला. तरुण हाड सहसा मोडत नाही, सांध्याभोवतालचं आवरण फाटतं. सत्तरीत हाड ठिसूळ झालेलं असतं. गोळा चमच्याबाहेर पडता पडता कडेवर आपटतो आणि फुटतो, किंवा हाडाच्या मानेशीच, म्हणजे गोळ्याखालच्या निमुळत्या भागाशी, तुटतो. दोन दुखापती एका क्षणात होतात, आणि एकीचा इलाज दुसरीला घातक ठरू शकतो.

काकांच्या बाजूला परंपरा फार मोठी आहे, आणि ती मला मनापासून आवडते. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. खांदा निखळला तर काखेत मुसळ घालून तो वर उचलावा आणि मग स्वस्तिकाच्या आकाराचा बंध बांधावा, असा तिथे उपाय आहे. उखळीच्या सांध्याला मुसळाचा उपाय! पण त्याच ग्रंथातली दुसरी गोष्टही तितकीच मोलाची आहे: हात लावण्याआधी प्रकार ओळखा. सुश्रुतांकडे डोळे आणि बोटं होती, आपल्याकडे एक्स-रे आणि सीटी स्कॅन आहे. हाडाची मान तुटलेली असताना हात ओढला, तर ओढ हाडाच्या दांड्याला बसते आणि गोळा काखेत जिथे पडलाय तिथेच राहतो. जेमतेम चिकटलेले तुकडे पुरते सुटतात. काखेतून हाताची मोठी रक्तवाहिनी जाते, आणि दंडाच्या बाहेरच्या स्नायूला चालवणारा मज्जातंतू हाडाच्या मानेला वळसा घालूनच जातो. म्हणून चांगला डॉक्टर आधी मनगटाची नाडी आणि दंडाच्या बाहेरच्या कातडीची संवेदना तपासतो, मग दोन-तीन बाजूंनी एक्स-रे काढतो, आणि सांधा बसवायचाच तर भूल देऊन, पडद्यावर हाड बघत बसवतो.

दोन-तीन बाजूंनी का, याचं उत्तर विशेषतः आनंद नगरच्या वाचकांसाठी. रायसेन रोडवरच्या या वस्तीपासून भेलचा वीजयंत्रांचा कारखाना जवळ आहे, तेव्हा विजेशी रोजचा संबंध असलेली घरं तिथे असणारच. विजेचा जोराचा झटका बसला किंवा फिट आली की खांद्याचे सगळे स्नायू एकदम आवळतात. हात आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांपेक्षा बळकट असल्याने गोळा मागच्या बाजूला निखळतो आणि बऱ्याचदा फुटतोही. समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये हा सांधा जवळजवळ ठीक दिसतो, आणि म्हणून तो निसटतो. काखेच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेत मात्र चूक लगेच दिसते. घरच्यांना कळेल अशी खूणही आहे: कोपर अंगाशी ठेवून हात बाहेरच्या बाजूला वळतच नाही. शॉक लागल्यानंतर असं झालं तर ‘मुका मार’ म्हणून सोडून देऊ नका.

आता भाच्याचा मुद्दा. त्यासाठी मला अर्नेस्ट कॉडमनबद्दल सांगितलंच पाहिजे.

बॉस्टनच्या या सर्जनने १९३४ मध्ये स्वतःच्या खर्चाने खांद्यावर एक ग्रंथ छापला. लहानपणी दंडाच्या हाडाचं वरचं टोक तुकड्यातुकड्यांनी वाढतं आणि मग ते तुकडे सांधले जातात. कॉडमनच्या लक्षात आलं, की म्हातारपणी हाड मोडतं ते बहुधा त्याच जुन्या सांध्यांवर. जुनी गोधडी शिवणीवर उसवावी तसं. गोळा, मोठा उंचवटा, लहान उंचवटा आणि दांडा असे चार तुकडे. न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यांनी १९७० मध्ये याच चार तुकड्यांवर आपलं वर्गीकरण उभारलं. तुकडा एक सेंटिमीटर सरकला किंवा ४५ अंशांनी कलला तर तो ‘सुटा’, असा त्यांचा नियम आजही दवाखान्यात चालतो. नीर यांचं नाव प्रत्येक अस्थितज्ज्ञाला पाठ असतं, कॉडमनचं त्या मानाने कमी घेतलं जातं.

कॉडमनचा दुसरा ध्यास त्याला महागात पडला. प्रत्येक रुग्णाला वर्षभराने परत बोलवा, तो खरंच बरा झाला का ते लिहा आणि ते सर्वांना वाचू द्या, एवढंच त्याचं म्हणणं. ते मान्य होईना, तेव्हा १९१४ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलात १९११ ते १९१६ या काळात घरी पाठवलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्याने छापला आणि त्यात स्वतःच्या १२३ चुका नोंदवल्या. कुठल्या काळात, कुठल्या व्यवसायात कुणी असं केलं असेल! सहकाऱ्यांनी त्याला जवळजवळ वाळीत टाकलं. १९४० मध्ये तो वारला, आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २०१४ साल उजाडलं.

भाच्याने वाचलेला अभ्यास कॉडमनच्याच वाटेवरचा आहे. ब्रिटनमधल्या ३२ हॉस्पिटलांतल्या २५० रुग्णांना ऑपरेशन किंवा नुसती झोळी अशा दोन गटांत विभागलं आणि दोन वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. निष्कर्ष २०१५ मध्ये आले: दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. फार प्रामाणिक काम. पण बातमीत एक ओळ राहून गेली. ज्यांचा खांदा मोडण्याबरोबर निखळलेलाही होता, अशा रुग्णांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. सरकलेलं हाड झोळीतही जुळतं, पण चमच्याबाहेर पडलेलं लिंबू झोळीत आपोआप परत येत नाही. आठवडे गेले की ते तिथेच जखडतं आणि मग बसवणं फार अवघड होतं.

मग करायचं काय? नुसता मोठा उंचवटा तुटला असेल, तर सांधा बसवताच तो बहुधा आपल्या जागी येतो, आणि काही आठवड्यांची झोळी पुरते. मान तुटून गोळा बाहेर असेल तर ऑपरेशन. तरुणाचं स्वतःचं हाड प्लेट आणि स्क्रूने वाचवायचा प्रयत्न होतो, पुढे गोळ्याचं रक्त तुटून तो झिजण्याची भीती असली तरी. हे रक्त मुख्यतः पुढच्या रक्तवाहिनीतून येतं असं पुस्तकं वर्षानुवर्षं सांगत होती. २०१० मधल्या एका अभ्यासात ६४ टक्के पुरवठा मागच्या रक्तवाहिनीचा निघाला. कदाचित म्हणूनच मेलेला वाटणारा गोळा कधीकधी जगतो.

सत्तरीत, हाड ठिसूळ आणि दोऱ्या विरलेल्या असताना, सांधा बदलण्याचा सल्ला मिळतो. तो बहुधा ‘उलटा’ सांधा असतो. फ्रान्समधल्या दिजाँचे पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये तो पुढे आणला: लिंबू फऱ्यावर पक्कं बसवायचं आणि चमचा दंडाला द्यायचा. मग लिंबाला धरून ठेवणाऱ्या दोऱ्यांवाचूनही दंडावरचा मोठा स्नायू हात उचलू शकतो. मात्र तो स्नायू चालवणारा मज्जातंतू शाबूत हवा. डॉक्टरांना तेवढं जरूर विचारा.

कुठलाही इलाज झाला तरी बोटं आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे असतात. डॉक्टरांनी परवानगी दिली की फिजिओथेरपिस्ट आईंना टेबलावर चांगला हात टेकून पुढे वाकायला सांगतील आणि दुखरा हात पोहऱ्यासारखा सैल सोडून हळूहळू झुलवायला लावतील. त्या व्यायामाला कॉडमनचंच नाव आहे. वर्षभराने आईंचा हात माळ्यावरच्या डब्यापर्यंत पोचतो का, ते मला नक्की कळवा. पोचत नसला तरीही कळवा.