बर्फाचें घर आणि त्याची आंतली बाजू

वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कामण रोड आणि भिवंडी रोड या स्थानकांच्या दरम्यान, खारबाव हें गांव लागतें. हा भिवंडी तालुक्यांतील भातशेतीचा टापू असून त्याच्या दक्षिणेस वसईची खाडी आहे. भरती-ओहोटीबरोबर या खाडींत बोय, जिताडा, कोळंबी, चिंबोऱ्या मिळतात, आणि मासळी खाणारीं मोठीं शहरें तेथून फार दूर नाहींत. अशा गांवीं मासळीसाठीं बर्फाची कोठी बांधावयाची झाल्यास ती आंतून कशी करावी, हा प्रश्न वरवर पाहतां गवंड्याचा आणि सुताराचा वाटतो. वस्तुतः तो उष्णतेच्या शास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर चुकलें तर त्याची झळ पकडणाऱ्याच्या कमाईस व खाणाऱ्याच्या प्रकृतीस सारखीच लागते.

मासा पाण्याबाहेर काढला कीं त्याच्या शरीरांतील पाचक रस आणि सूक्ष्म जंतु आपलें काम सुरू करतात. या कामाचा वेग उष्णतेवर अवलंबून असतो. शून्य अंश सेल्सियसला मासा ज्या वेगानें नासतो, त्याच्या सुमारें चौपट वेगानें तो दहा अंशांवर नासतो. कोंकणांतील दुपारच्या उष्म्याची तर गोष्टच नको. बांगड्यासारख्या कांहीं माशांत आणखी एक भय असतें. ते ऊन जागीं राहिले असतां त्यांत हिस्टामीन नांवाचें द्रव्य तयार होतें, आणि तें एकदां झालें म्हणजे शिजवल्यानें किंवा तळल्यानें जात नाहीं. मासा दिसण्यांत चांगला असूनही खाणाऱ्याचें तोंड लाल होतें, डोकें दुखतें, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. गृहिणी कितीही दक्ष असली तरी या दोषावर तिच्याजवळ उपाय नसतो. उपाय करावयाचा तो खाडीच्या कांठींच.

हा उपाय म्हणजे बर्फ. एक किलो बर्फ नुसता वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेनें एक किलो पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापतें. बर्फाचें सामर्थ्य या गुणांत आहे. तीस अंशांवरची एक किलो मासळी शून्यावर आणण्यास हिशेबानें सुमारें एक-तृतीयांश किलो बर्फ पुरतो. तथापि आपल्यासारख्या उष्ण देशांत किलोस किलो या प्रमाणानें बर्फ घालण्याची शिफारस केली जाते. हा जो जादा बर्फ लागतो, तो मासळी थंड करण्यांत खर्च होत नाहीं. भिंतींतून, दारांतून आणि जमिनींतून आंत शिरणारी उष्णता तो खाऊन टाकते.

ही उष्णता कशी अडवावी, याचा मोठा प्रयोग गेल्या शतकापूर्वींच होऊन गेला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें सन १८०६ मध्यें सरोवरांवरचा बर्फ जहाजांत भरून मार्टिनिक बेटावर पाठविला. सन १८३३ च्या मे महिन्यांत ‘टस्कनी’ हें जहाज सुमारें १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालें आणि सप्टेंबरांत कलकत्त्यास पोहोंचलें. चार महिने समुद्रावर, दोनदां विषुववृत्त ओलांडून, सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता! मुंबईसही हा अमेरिकन बर्फ येई, आणि कोटांत त्यासाठीं खास बर्फघर होतें. मद्रासचें सन १८४२ मधील बर्फघर आजही उभें आहे. सन १८९७ मध्यें स्वामी विवेकानंद तेथें राहिले होते, म्हणून तें आतां त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. या सर्व यशाचें रहस्य लांकडाच्या भुशांत होतें. भुसा स्वतः थंड नसतो. त्याच्या कणांमध्यें अडकलेली हवा हलत नाहीं, आणि न हलणारी हवा उष्णतेला फार कष्टानें वाट देते.

एका लहान कोठीचा हिशेब केल्यास हें स्पष्ट होईल. दोन मीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशी कोठी घ्यावी. बाहेर ३२ अंश, आंत शून्य. तिच्या सर्व बाजू केवळ नऊ इंची विटांच्या असल्या, तर दिवसास सुमारें ४०० किलो बर्फ नुसता भिंतींपायीं वितळेल. त्याच कोठीस चोहोंकडून, वर आणि खालीं, दहा सेंटिमीटर जाडीचें थर्मोकोल बसविलें, तर हा खर्च ७० किलोंच्या आंत येतो. भिवंडी तालुक्यांत भाताचें तूस मिळण्यास अडचण नाहीं. तें वापरल्यास थर दीडपट ते दुप्पट जाड करावा लागतो, इतकेंच. परंतु तूस असो वा थर्मोकोल, त्याचा गुण कोरडेपणावर अवलंबून आहे. पाणी हें स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेतें. भिजलेलें तूस म्हणजे भिंतीच्या पोटांतला चोरच होय.

येथें बर्फाच्या एका अगदीं निराळ्या घराची आठवण उपयोगी पडते. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत हिवाळ्यांत सरोवरें गोठतात. तेथील लोक एक लहानशी लांकडी खोली ओढत बर्फावर नेतात, तिच्या तळाशीं बर्फास मोठें भोंक पाडतात आणि आंत बसून भाल्यानें पाइक जातीचे मासे मारतात. ओजिब्वे या तेथील मूळच्या लोकांची रीत याहून जुनी आहे. ते बर्फावर पांघरुणाखालीं अंधार करून असेच मासे मारीत. या खोलीस खिडकी नसते, फटी बुजविलेल्या असतात आणि आंतली बाजू काळी रंगविलेली असते. याचें कारण रात्रीं दिवाणखान्यांत दिवा लावला असतां कोणासही कळण्यासारखें आहे. दिवा असेपर्यंत खिडकीच्या कांचेंत आपलेंच प्रतिबिंब दिसतें. तो मालवला म्हणजे बाहेरचें अंगण दिसूं लागतें. पाण्याचा पृष्ठभागही सरळ वरून पडलेल्या प्रकाशाचा सुमारें शेंकडा दोन भाग परत फेंकतो. खोलींत प्रकाशच नसेल तर परत फेंकावयास कांहीं उरत नाहीं. आणि बाहेरचें ऊन बर्फांतून झिरपून सरोवराचें पाणी उजळीत असतें. तळाशीं अंड्यांचीं टरफलें किंवा बटाट्याचे काप टाकतात, म्हणजे त्यांवरून जाणारा मासा उठून दिसतो. पाण्यांतली वस्तु असते त्याहून वर भासते, परंतु सरळ खालीं पाहणाऱ्यास ती बाजूला सरकलेली दिसत नाहीं. म्हणून भालाही सरळ खालींच सोडतात.

हीं दोन घरें एकमेकांच्या उलट आहेत. मिनेसोटाच्या खोलींत ऊब आंत आणि थंडी बाहेर. खारबावच्या कोठींत थंडी आंत आणि ऊब बाहेर. दोहोंनाही उष्णता अडविणारी भिंत लागते, आणि ती भिंत एकच असली तरी चालेल. मात्र तिच्या अस्तराची जागा बदलते. हवेंतील बाष्प नेहमीं उबेच्या बाजूनें थंडीच्या बाजूकडे जाऊं पाहतें. बर्फावरच्या खोलींत तें माणसाच्या श्वासांतून आणि शेगडीवरच्या किटलींतून निघतें. तें भिंतींत शिरून गोठूं नये म्हणून बाष्परोधक पडदा आंतून लावावा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यांत बाहेरची हवा ओलाव्यानें भरलेली असते, आणि ती विटांतून आंतल्या थंडीकडे ओढली जाते. म्हणून येथें डांबराचा लेप अथवा प्लास्टिकचा अखंड पडदा तुसाच्या बाहेरील अंगास, म्हणजे विटांच्या बाजूस, पाहिजे. थंड मुलखांतील नकाशा पाहून तो आंतल्या अंगास लावला, तर ओलावा बाहेरून येऊन त्या पडद्याच्या पाठीशीं थांबेल, तेथें पाणी होईल आणि दोन-तीन पावसाळ्यांत सारें तूस कुजेल. बाहेरून कोठी धडधाकट दिसेल. मालकास मात्र बर्फ अधिक कां लागतो हें समजणार नाहीं.

बाहेरील पडदा नीट झाला म्हणजे मगच आंतल्या अस्तरास हात घालावा. येथें काळा रंग नको. पांढरा किंवा उजळ पृष्ठभाग हवा, कारण या घरांत शोधावयाची ती घाण. पूर्वीं जस्ताचा पत्रा वापरीत; आतां न गंजणारें पोलाद किंवा कांचतंतूंचा पत्रा वापरतात. उघडें लांकूड टाळावें, तें माशाचें पाणी पितें. भिंत आणि जमीन जेथें मिळतात ती कड गोल करावी, म्हणजे कुंचा सर्वत्र पोहोंचतो. जमिनीस मोरीकडे उतार द्यावा आणि मासळी फळ्यांच्या जाळीवर ठेवावी. वितळलेल्या पाण्यांत बुडून राहिलेला मासा लवकर बिघडतो. मोरीची नळी वांकडी करून तिच्या वांकांत पाणी राहूं द्यावें, नाहींतर तिच्यांतून दिवसरात्र ऊन हवा आंत येत राहील. थंड हवा जड असते. दार उघडतांच ती उंबऱ्यावरून ओघळून जाते. म्हणून दार लहान असावें, त्याच्या कडांस रबराची पट्टी असावी, आणि कोठी लहान असल्यास झांकण वरूनच ठेवावें.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मिनेसोटाच्या खोलींत शेगडी असते, म्हणून तेथें हवेस वाट ठेवलीच पाहिजे. नाहींतर कोंडलेला कोळशाचा विषारी वायु बसणाऱ्याचा प्राण घेतो. बर्फाच्या कोठींत तशी वाट ठेवणें म्हणजे बर्फ बाहेर ओतणें होय. एका घराचा जीवरक्षक नियम दुसऱ्या घराचा नाश करतो. बांधणाऱ्यानें म्हणून प्रथम एकच प्रश्न विचारावा: ऊब कोणत्या बाजूस आहे? त्याचें उत्तर ठरलें कीं पडदा कोठें, वाट कोठें आणि रंग कोणता, हें सर्व क्रमानें ठरतें. आणि पहांटे खाडींतून निघालेली बोय दुपारीं शहरांतल्या चुलीवर चढते, तेव्हां ती खाण्याजोगी असते.